पदयात्रा निघाली, पण पांघरुणाचे काय?

वर्षावास संपतो, विहाराविहारांतून कठीण चीवरदानाचे कार्यक्रम पार पडतात आणि थंडीची चाहूल लागताच महाराष्ट्राच्या रस्त्यांवर पंचशील ध्वज दिसू लागतात. कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पोहोचण्यासाठी, कोणी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी, तर कोणी भिक्खू संघासोबत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पायी निघतो. पांढऱ्या वस्त्रांतली ही रांग भल्या पहाटे धुक्यातून चालताना पाहिली की कोणाही धम्मबांधवाचे मन भरून येते. आमचेही येते.

परंतु दरवर्षी या पदयात्रांविषयी दोन प्रतिक्रिया आमच्या कानावर येतात. चळवळीतले काही विचारवंत म्हणतात, ही तर वारीची नक्कल आहे. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो तीर्थयात्रा करत हिंडण्यासाठी नव्हे. दुसरीकडे भाविक मंडळी म्हणतात, एवढ्या कडाक्याच्या थंडीत अनवाणी चालतात, केवढी ही श्रद्धा आणि केवढे हे पुण्य! आमचे स्पष्ट मत असे आहे की या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. पायी चालणे ही कोणाची नक्कल नाही, ती बुद्धाची चारिका आहे. आणि थंडीत कुडकुडणे हे पुण्य नाही, ते पदयात्रेच्या नियोजनाचे अपयश आहे. या दोन गोष्टी समाजाने नीट समजून घ्याव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम चारिकेविषयी. भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे हा नियम तथागतांनी केला, त्यामागे लोकांची तक्रार होती. पावसात हिंडणाऱ्यांच्या पायाखाली कोवळी पिके आणि लहान जीव तुडवले जातात, असे लोक म्हणत होते. तथागतांनी ती तक्रार योग्य मानली. वर्षावास संपला की पुन्हा चालणे सुरू. सारनाथच्या पहिल्या वर्षावासानंतर त्यांनी आपल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारी दिशांना पाठवले आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असे बजावले. म्हणजे धम्माचा पहिला प्रचार पायी झाला आणि तो पाऊस संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर झाला. म्हणून हिवाळा हा आपल्या चालण्याचा ऋतू आहे. आषाढात चालणाऱ्या वारकऱ्यांचा आम्ही आदर करतो. पण आमचे चालणे त्यांच्याकडून उसने घेतलेले नाही, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यावे.

आता पुण्याचा प्रश्न. साठ भिक्खूंना पाठवून तथागत स्वतः उरुवेलेकडे निघाले. तिथे जटिल तापस राहत. हिवाळ्याच्या सर्वांत थंड रात्री हे जटिल नैरंजना नदीच्या पाण्यात बुडी मारत, वर येत, पुन्हा बुडी मारत. थंडी सोसली की पाप धुतले जाते अशी त्यांची समजूत. विनयपिटकात कथा अशी येते की तथागतांनी त्यांच्यासाठी नदीकाठी पाचशे शेगड्या निर्माण केल्या आणि पाण्यातून वर आलेले जटिल तिथे शेकले. आम्ही बाबासाहेबांचे अनुयायी आहोत. चमत्कार आम्ही मानत नाही. चमत्कार बाजूला ठेवून या कथेत उरते ते पाहावे. थंडीत बुडणाऱ्या माणसाला तथागतांनी शाबासकी दिली नाही, पुण्याची हमी दिली नाही. त्याला शेकायला आग दिली. ज्यांनी स्वतः सहा वर्षे देहदंड करून तो मार्ग निरर्थक म्हणून सोडला, ते दुसरे काय करणार?

याहून बोलकी गोष्ट चीवराची आहे. तथागत राजगृहाहून वैशालीला चालले होते. वाटेत त्यांना काही भिक्खू दिसले. दानात मिळालेल्या चीवरांची गाठोडी कोणी डोक्यावर, कोणी खांद्यावर, कोणी कमरेवर घेऊन चालले होते. एवढे ओझे कशाला, असा प्रश्न पडला. पण तथागतांनी लगेच हुकूम काढला नाही. वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी ते ऐन थंडीत रात्रभर उघड्यावर बसले. माघाचे शेवटचे चार आणि फाल्गुनाचे पहिले चार दिवस, अशा आठ रात्री सर्वांत थंड असे परंपरा मानते. त्यातलीच ही रात्र. आधी अंगावर एकच चीवर होते. पहिला प्रहर सरला तेव्हा थंडी वाजली, दुसरे घेतले. मधला प्रहर सरला, तिसरे घेतले. पहाट झाली तेव्हा पुन्हा थंडी वाजली, चौथे घेतले. मग नियम केला : दुहेरी संघाटी, एक उत्तरासंग, एक अंतरवासक, अशी तीन चीवरे पुरेत. संघाटी दुहेरी असल्याने चौथ्या पांघरुणाची भरपाई तिच्यातच झाली.

हा नियम करताना तथागतांनी कोणाचा विचार केला, हे महत्त्वाचे. धट्ट्याकट्ट्या, थंडी पचवलेल्या भिक्खूंचा त्यांनी विचार केला नाही. ज्यांना थंडी सोसत नाही, जे थंडीला घाबरतात, त्यांचाही एवढ्यात निभाव लागेल का, हे त्यांनी आपल्या अंगावर तपासले. ज्याला सर्वांत जास्त थंडी वाजते तो माणूस त्यांच्या नियमाचे माप होता. आमच्या मते हिवाळ्यातल्या प्रत्येक पदयात्रेचे माप हेच असले पाहिजे. किती हजार लोक चालले, किती किलोमीटर चालले, कोणकोणते नेते आले, ही मापे वर्तमानपत्राच्या बातमीला ठीक आहेत. धम्माचे माप वेगळे आहे.

चालण्याचा अर्थ आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. ज्यांच्या पूर्वजांना सार्वजनिक रस्त्यावरून ताठ मानेने चालता येत नव्हते, त्यांना रस्ता म्हणजे काय ते ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे महाडला जमलेले लोक चालत चवदार तळ्यावर गेले. ते अंतर फार नव्हते, पण हजारो वर्षांची बंदी त्या अंतरात पार झाली. पुढे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. ठराव कागदावर राहिला. तेव्हा प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. ६ डिसेंबरला औरंगाबाद गाठायचे होते. ऐन थंडीत विदर्भ ओलांडून, लेकुरवाळ्या बायांसह हा समाज चालला. खडकपूर्णा नदीजवळ पोलिसांनी मार्च अडवला, लाठ्या चालवल्या, अटका केल्या. पण त्या चालण्याने नामांतराचा प्रश्न गावोगावच्या चुलीपर्यंत नेला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले, त्यामागे शहिदांचे रक्त आहे आणि या पायांचे फोडही आहेत.

लाँग मार्चमध्ये चाललेले कार्यकर्ते आजही भेटतात. ते थंडीच्या बढाया मारत नाहीत. वाटेतल्या कोणत्या गावाने भाकरी दिली, कोणत्या घरातून वाकळ आली, कोणत्या माउलीने रात्री पाणी तापवून दिले, हे मात्र त्यांना नावानिशी आठवते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही माणसाच्या लक्षात पांघरूण राहते, हे पदयात्रेच्या आयोजकांनी विसरू नये.

अलीकडची दोन उदाहरणे घेऊ. जानेवारी २०२३ मध्ये थायलंडहून आलेले शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून निघाले आणि फेब्रुवारीत पायी चैत्यभूमीवर पोहोचले. मराठवाड्यात जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी तीस अंशांचे ऊन लागते. एकाच दिवसात कुडकुडायचे आणि घामाघूमही व्हायचे. तरी ते शिस्तीने चालले आणि गावोगाव लोक त्यांच्या स्वागताला उभे राहिले.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ येथून बौद्ध भिक्खूंचा एक गट शांततेसाठी वॉशिंग्टनकडे पायी निघाला. अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर. जानेवारीतली गोठवणारी थंडी आणि बर्फ सोसून ते फेब्रुवारी २०२६ मध्ये तिथे पोहोचले. भारतातल्या एका पदयात्रेत भिक्खूंच्या मागे लागलेला रस्त्यावरचा एक कुत्रा, आलोका, त्यांच्यासोबत होता. या यात्रेचे कौतुक जगभर झाले. परंतु तिच्यातला एक प्रसंग आपल्या आयोजकांनी गांभीर्याने घ्यावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये, यात्रा अजून टेक्सासमध्येच असताना, एका ट्रकने त्यांच्या मागून संरक्षणासाठी चालणाऱ्या वाहनाला धडक दिली आणि एका भिक्खूंना आपला पाय गमवावा लागला. थंडीने केले नाही ते वाहनाने केले. सोबत संरक्षक वाहन असूनही हे घडले. मग आपल्या पदयात्रांचे काय, जिथे पहाटेच्या धुक्यात शेकडो लोक काळोख्या महामार्गावर मागे लाल दिवासुद्धा न लावता चालतात?

आम्ही हे घरात बसून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका पदयात्रेत आम्ही तीन मुक्काम चाललो. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका यात्रेचा नाही. पहाटे साडेचारला रांग निघाली. पुढे टेंपोवर डीजे, त्यावर सहा जणांचे फोटो असलेला फलक. मागे रस्त्यावर कोणी नाही. त्याच रस्त्याने उसाने खच्चून भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या जात होत्या, त्यांनाही मागे दिवा नव्हता. दोनदा रांग अक्षरशः शेतात उतरली म्हणून वाचली.

रात्री मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. लोक दोनशे, घोंगड्या साठ. त्या टेंपोतून काढल्या आणि जो आधी पोहोचला त्याने उचलल्या. आधी कोण पोहोचणार? तरुण पोरे. दीड तासाने म्हाताऱ्या बाया पोहोचल्या तेव्हा टेंपो रिकामा होता. व्हरांड्यात ताडपत्री अंथरून त्या एकमेकींना चिकटून बसल्या. पोरे वाईट नव्हती. कोणी सांगितले असते तर त्यांनी अंगावरची घोंगडी काढून दिली असती. सांगणारेच कोणी नव्हते. सकाळी आठला गाडीतून नेते उतरले, हार घातले गेले, फोटो झाले, आणि थंडीची पर्वा न करता चालणाऱ्या समाजाचे त्यांनी कौतुक केले.

त्या बायांमध्ये सत्तरीच्या एक आजी होत्या. साखरेचा आजार, टाचेला चीर, आणि ती चीर त्या कोणाला दाखवत नव्हत्या. दाखवली तर गाडीत बसवतील ही भीती. आम्ही विचारले, आजी, एवढा त्रास काढून कशाला चालता? पुण्य लागते का? त्या म्हणाल्या, "पुण्याबिण्याचं काय न्हाई लेकरा. माझी माय या रस्त्यानं खाली मान घालून गेली. म्या वर मान करून जाते, एवढंच." थोडे थांबून म्हणाल्या, "पर रातच्याला एक घोंगडं असतं तर बरं झालं असतं."

या दोन वाक्यांत सगळे आले. पहिले वाक्य ऐकून आपण टाळ्या वाजवतो. दुसरे ऐकायला कोणी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. यात्रा बौद्धवाड्यातल्या विहारात थांबत होती, वंदना होत होती, भोजन होत होते आणि पुढे निघत होती. त्याच गावाच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. उसाच्या पाचटाच्या त्या झोपड्यांत तान्ही लेकरे याच थंडीत निजत होती. आपल्यातले आणि आपल्यासारखेच सगळ्या जातींचे कष्टकरी त्यांत होते. तीन दिवसांत एकदाही आमची रांग कोप्यांकडे वळली नाही. मातंग वस्तीतही थांबली नाही. बहुजनांच्या हितासाठी वाटा वेगळ्या करून जा, असे ज्यांनी सांगितले त्यांच्या नावाने निघालेली यात्रा जर आपल्याच विहारातून आपल्याच विहारात जात असेल, तर ती चारिका कशी म्हणायची? ती आपल्याच घरातली येरझार झाली.

म्हणून येत्या हिवाळ्यात पदयात्रा काढणाऱ्या मंडळांना, समित्यांना आणि भिक्खू संघाला आमचे नम्र पण स्पष्ट सांगणे आहे.

फलक छापण्याआधी घोंगड्या मोजा. जितकी नावे नोंदली तितकी पांघरुणे टेंपोत हवीत, आणि मुक्कामी ती आधी पोहोचणाऱ्याला नव्हे, तर यादीप्रमाणे वाटावीत. वृद्ध, स्त्रिया आणि लेकरे प्रथम. रांगेच्या पुढे सर्वांत सावकाश चालणारे ठेवा, म्हणजे कोणी मागे पडणार नाही. धुके असेल तर सूर्य वर येईपर्यंत निघू नका. एक तास उशीर झाल्याने धम्म बुडत नाही. रात्री-पहाटे चालणे अटळ असेल तर रांग समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने न्या, प्रकाशात चमकणारी जाकिटे घाला, आणि शेवटी दिवा घेतलेले दोन स्वयंसेवक ठेवा. रोज संध्याकाळी प्रत्येकाचे पाय तपासा. साखरेच्या रुग्णाला जखम झालेली कळत नाही, म्हणून अनवाणी चालण्याचा हट्ट त्याला करू देऊ नका. थंडीत तहान कमी लागते; तरीही दर तासाला पाणी पाजा. रक्तदाबाची गोळी चुकवू देऊ नका. स्त्रियांसाठी शौचालयाची सोय नसलेला मुक्काम ठरवूच नका. सोय नसली की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात, हे आयोजक पुरुषांना कळत नसेल तर आयोजनात बायांना घ्या.

आणि गाडीत बसणे ही लाज नाही, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. देहदंड तथागतांनीच नाकारला. ज्या आजी चीर लपवतात त्यांना आपणच, आपल्या पुण्याच्या भाषेने, लपवायला लावतो.

प्रत्येक मुक्कामी एक तास गावाला द्या. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज अडले आहेत का, स्मशानभूमीचा रस्ता अडवला आहे का, अत्याचाराची फिर्याद नोंदवली गेली का, हे विचारा आणि वहीत लिहा. कोप्यांपर्यंत जा. दोन घोंगड्या जास्त असतील तर तिथे ठेवून या. अशी वही भरलेली यात्रा चैत्यभूमीवर पोहोचली तर ती बाबासाहेबांना खरी मानवंदना ठरेल.

शासनालाही आमचा प्रश्न आहे. आषाढी वारीच्या वाटेवर पाण्याचे टँकर, आरोग्य पथके, पोलीस बंदोबस्त यांचे नियोजन होते. ते योग्यच आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण ६ डिसेंबर आणि १ जानेवारी या तारखाही दरवर्षी ठरलेल्या आहेत आणि त्या थंडीतच येतात. दादरला आणि भीमा कोरेगावला मंडप, पाणी, दवाखाना यांची व्यवस्था होते. पायी येणाऱ्याची वाट मात्र कित्येक दिवस आधी सुरू झालेली असते. त्या वाटेवर शाळांच्या खोल्या रात्री उघड्या करणे, प्राथमिक आरोग्य केंद्रांना सूचना देणे, महामार्ग पोलिसांना मार्ग कळवणे, याला फार मोठा खर्च येत नाही. आयोजकांनी आपला मार्ग आणि मुक्काम लेखी कळवावेत आणि त्याची पोच घ्यावी. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि नोंद नसली की मागितल्याचा पुरावाही राहत नाही.

आम्ही पदयात्रांच्या विरोधात नाही, हे पुन्हा सांगतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना सारनाथ, कुशीनगर येथे जाऊन आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी दाखवलेल्या वाटेवर समाज चालतो आहे, चालत राहावा. फक्त मुक्कामी पोहोचल्यावर प्रत्येक कार्यकर्त्याने झोपण्यापूर्वी रांगेच्या शेवटापर्यंत एक फेरी मारावी आणि सर्वांत उशिरा आलेल्या माणसाच्या अंगावर काय आहे ते पाहावे. ते पातळ असेल तर आपले त्याला द्यावे.

नमो बुद्धाय! जयभीम!